मिठाच्या गोण्यांवरची सहल

आवेइरू शहराच्या कालव्यात सहलीला फिरणाऱ्या सगळ्या नावांच्या नाळी, म्हणजे पुढची उंच टोकं, कापलेल्या. पूल बुटके, भरतीला पाणी वर, आणि वर वळलेली नाळ कमानीला धडकणार. म्हणून लावली करवत, टाकल्या गाद्या, भरले पर्यटक. न कापलेली एकच नाव उरली होती, ती इदालिनाची. तिच्या बापाने खतासाठी खाडीतलं शेवाळ वाहायला बांधलेली. एकसष्टीच्या या बाईसमोर कुणी "काप" म्हटलं की तिचं टाळकंच सटकायचं.

आता मात्र गळ्याशी आलं होतं. अकराच्या भरतीला बंदर कचेरीचे फ्राझाँव साहेब यायचे होते. त्यांच्यासमोर पुलाखालून नाव गेली तर परवाना, नाहीतर नाव कायमची छपरात. कालच्या भरतीला तिने करून पाहिलं होतं. नाळ कमानीपेक्षा वीतभर उंच.

सकाळीच धाकटा भाऊ बेल्मीरू करवत घेऊन धक्क्यावर उभा.

"ताई, हट्ट सोड. वीतभर लाकूड गेलं तर काय बिघडतं? सहलीला लागते तशी नाव नको का?"

"सहलीला कशी नाव लागते हे तू मला शिकवणार? तुला नाव ढकलायची काठी सरळ मारता येत नाही!"

"बाबा असते तर त्यांनी स्वतः कापली असती."

"बाबा असते तर त्यांनी तुला कापला असता."

पण बापाचं नाव निघालं आणि इदालिना थबकली. बाबा याच पुलाखालून भर भरतीत जायचे. नाव काठोकाठ शेवाळाने भरलेली, पाणी काठाला लागलेलं. परतताना रिकाम्या नावेत बसून ओहोटीची वाट बघायचे, आणि पोरं भुकेने कावली तरी हलायचे नाहीत. म्हणजे नाव उंच नव्हतीच. रिकामी होती! सगळ्या गावाने ती रिकामी मोजली होती, आणि ओझं वाहणाऱ्या नावाड्याची लेक असून तिनेही तीच चूक केली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

शेवाळ आता कोण काढतं? ती तडक मिठागर चालवणाऱ्या झुल्मिराकडे गेली आणि ट्रकभर मीठ मागून आणलं. ऐंशी गोण्या. अकराला नाव पाण्यात अशी खाली बसली की साहेबांनी चष्मा पुसला.

"बाई, हे काय? प्रवासी कुठे बसणार?"

"मिठावर."

"मिठावर कुणी बसतं का?"

"आमच्या आयाबाया बसल्या, तुमचे पर्यटक काय लोण्याचे आहेत? गोण्यांवर गाद्या टाकीन."

तिने काठी रोवली. धक्क्यालगत सरकत नाव कमानीशी आली आणि इदालिनाने मान वर केली. नाळ अजून कमानीपेक्षा दोन बोटं उंच होती. ओझं सगळं मधे. नाळेकडे काहीच नाही. पाणी तर अजून वर चढत होतं.

"थांबवा!" साहेब ओरडले. "लागेल!"

"बेल्मीरू!" ती साहेबांपेक्षा मोठ्याने ओरडली. "आयुष्यभर खाऊन खाऊन जे कमावलंस ना, ते घेऊन पुढे चढ! नाळेपाशी बस!"

धक्क्यावर उभ्या बेल्मीरूने हातातली करवत आणखी घट्ट धरली. इदालिनाला वाटलं, हा येत नाही. मग त्याने करवत धक्क्यावर ठेवली आणि शंभर किलोचा तो गडी धप्पकन पुढच्या फळीवर आदळला. नाळ खाली झुकली. कमानीचा गारवा डोक्यावरून गेला, कुठे खरचटल्याचा आवाज झाला नाही, आणि नाव पलीकडे उन्हात निघाली. इदालिनाचे डोळे भरून आले. ते तिने पुसलेही नाहीत.

साहेब काठाकाठाने धावत पुलापलीकडे आले. त्यांनी अर्ज उघडला.

"नाव गेली, नाकारता येत नाही. पण नावेचा प्रकार काय लिहू? सहलीची?"

"ओझ्याची लिहा. सहल ओझ्यानेच होते तिची."

साहेबांनी लिहिलं, पण पेन खिशात ठेवलं नाही. "आणि हे गृहस्थ? भरती रोज येणार. रोज हे पुढे बसणार आहेत का?"

इदालिनाने काठी रोवून नाव काठाला लावली. नाळेला पाठ टेकून बसलेला बेल्मीरू मात्र जागचा हलला नाही.

"बसणार," तो म्हणाला. "दुसरी जागा मला नकोच आहे, साहेब."