रातव्यांच्या चिठ्ठ्या

मी नुबिया पालोमेके. एकवीस वर्षं या संग्रहालयात मेलेल्या पक्ष्यांच्या कातडीत कापूस भरून टाके घालते आहे. रातव्यांचा खण माझ्याकडे असायचा. वाळक्या पाल्याच्या रंगाचे हे पक्षी, नवख्याला सगळे एकच वाटतात.

पक्षी आणायचा माझा भाऊ एलिएसेर. एकदा तो म्हणाला, "अगं, खाली सान हुआन नदीकाठचा रातवा निराळा ओरडतो. डोंगरातला तीन सुरांत, हा दोनच." मी मापं घेऊन बघितली. नदीकाठच्यांची शेपटी आखूड होती, पंखावरचा पांढरा पट्टाही अरुंद. एकाच जातीचे म्हणून ठेवलेल्या अकरा पक्ष्यांत दोन जाती होत्या!

मी विभागप्रमुख डॉक्टर इरागोर्रींना सांगायला गेले. त्यांनी मानही वर केली नाही.

"शिक्षण किती तुझं?"

"सातवी."

"मग कापूस भर."

सहा वर्षांनी त्यांनीच नवी जात जाहीर केली. शोध त्यांचा एकट्याचा, आणि पक्षी पकडणारेही म्हणे तेच! ज्या माणसाच्या बुटाला कधी चिखल लागला नाही, तो म्हणे सान हुआनच्या दलदलीत जाळं लावून बसला होता.

समारंभाला संचालक आले, पत्रकार आले. मला कॉफी वाटायला ठेवलं. टेबलावर मखमलीवर तो रातवा होता, पायाला नवी कोरी चिठ्ठी, डॉक्टरांच्या अक्षरातली. एलिएसेरचं नाव असलेली जुनी चिठ्ठी कापून टाकलेली. माझं डोकंच फिरलं. मी ट्रे ठेवला आणि पक्षी उलटा केला.

पोटावरचे टाके पांढऱ्या दोऱ्याचे होते.

अकरातले नदीकाठचे सातही पक्षी मी निळ्या दोऱ्यानं शिवले होते, त्या महिन्यात पांढरा दोरा संपला होता म्हणून. चिठ्ठ्या कापताना यांनी पक्ष्यांची सरमिसळ केली होती आणि नेमका डोंगरातला उचलला होता.

"डॉक्टर, हा जुन्याच जातीचा आहे," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "नाव ज्या नमुन्याला बांधलं, त्याच्याबरोबर जातं. तुम्ही जुन्याच पक्ष्याचं दुसऱ्यांदा बारसं केलंत."

"नुबिया, कप गोळा कर."

"जुन्या चिठ्ठ्या कुठायत?"

"किड्यांनी खाल्ल्या."

"मी महिन्याला विषारी पूड टाकते त्या खणात? आणि किड्यांनी फक्त माझ्या भावाचं नाव खाल्लं?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. "हिला बाहेर काढा!" ते ओरडले. मी माझ्या पायांनी बाहेर गेले.

एलिएसेरला सांगितलं तर तो घमेलं आपटून म्हणाला, "माझं नाव खोडलं ते खोडलं, पण चोरायचा तर पक्षी तरी बरोबर चोरायचा! गाढव कुठला!"

दुसऱ्याच दिवशी माझी बदली तळघरात शिंपल्यांच्या विभागात झाली. पण माझी वही माझ्याजवळ होती. कोणता पक्षी कोणत्या नदीवरचा, कुणी आणला, कोणत्या दोऱ्यानं शिवला, सगळं तारखेसकट. तिच्या प्रती काढून मी ज्या नियतकालिकात डॉक्टरांचा नव्या जातीवरचा लेख आला होता तिथे धाडल्या. उत्तर नाही. पुन्हा धाडल्या. चौथ्या पत्रानंतर नियतकालिकानं पाठवलेल्या एक पक्षीतज्ज्ञ बाई बोगोताहून आल्या. त्यांनी अकराही पक्ष्यांची मापं घेतली, एलिएसेरबरोबर नदीकाठी जाऊन तो दोन सुरांचा आवाज ध्वनिमुद्रित केला. वर्षभरानं त्यांचा लेख छापून आला, डॉक्टरांनी दिलेलं नाव रद्द. नव्या जातीला नवं नाव मिळालं आणि चिठ्ठीवर पुन्हा एलिएसेर पालोमेके.

डॉक्टर इरागोर्री अजून त्याच खुर्चीत आहेत. "कारकुनी चूक," असं सांगतात म्हणे सगळ्यांना. मी अजून शिंपले धुते.

लेखाच्या शेवटी, बारीक अक्षरांत, त्या बाईंनी आभार मानलेत: 'साहाय्यक निदिया पालोमेके.'

निदिया! आज सकाळीच मी पाचवं पत्र लिहायला घेतलं आहे.