निळ्या रबराचा तुकडा

विक्की किंचाळला तेव्हा भीमराज दोन पावलांवर होता. तो धावला आणि त्यानं सगळ्यात आधी पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या डाव्या बटणात ठासलेला निळ्या रबराचा तुकडा उपटून खिशात टाकला. मग मेहुण्याला धरलं. तोवर प्रेस वर गेली होती आणि विक्कीच्या डाव्या पंजाचा चेंदामेंदा झाला होता. रक्त पत्र्यावर, डायवर, भीमराजच्या इस्त्रीच्या शर्टावर उडालं. "गाडी काढा, गाडी!" कुणीतरी ओरडलं आणि चाकणच्या कारखान्यातल्या त्या शॉपमधल्या सगळ्या मशिनी एकेक करून थांबल्या.

आपला हात खिशात कधी गेला, हे भीमराजला नंतर आठवेना. सवयच तशी होती.

सवयींचं त्याला वेडच. पहाटे उठायचे, गार पाण्यानं अंघोळ करायचे, रोज थोडं थोडं सुधारायचे व्हिडिओ बघून बघून आपण लाइन लीडर झालो, अशी त्याची पक्की समजूत होती. बायकोचा भाऊ कासारवाडीला त्यांच्याकडे राहायला आला, तेव्हा त्यानं त्याला आपल्याच लाइनवर कामाला लावलं आणि सुधारायलाही घेतलं. अंथरुणात लोळला की तोंडावर तांब्याभर पाणी. कंपनीची बस चुकवली की कानाखाली. एकदा तर पट्ट्यानं फोडून काढलं. बायको, भाग्यश्री, मध्ये पडली, तर तिलाही असं ढकललं की तिचं कपाळ ओट्यावर आपटलं. संध्याकाळी मलमही यानंच आणून दिलं.

"शिस्त लागतीय त्याला," तो म्हणाला होता.

आणि शिस्त लागली, हेच तर वाईट झालं.

शॉपमधल्या त्या जुन्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे हात आपोआप बाहेर राहायचे. पण मग पत्रा सरकवायला हात मोकळा राहत नाही आणि माल कमी निघतो. भीमराजनं त्यावर तोडगा काढला होता. जुन्या स्लिपरचं रबर कापायचं आणि डाव्या बटणात ठासायचं. उजव्या हातानं बटण, डाव्यानं पत्रा. साहेब येताना दिसले की तुकडा खिशात. विक्कीच्या मागं उभं राहून त्यानं हे रोज घोटून घेतलं. चुकला की मानेवर फटका बसायचा.

"हात डोक्याला विचारत बसला नाय पायजे. समजलं?"

"समजलं, दाजी."

गाडी विक्कीला घेऊन गेल्यावर जयसिंगसाहेब आले. शॉप त्यांच्याच हाताखाली होतं. त्यांनी स्वतः दोन्ही बटणं दाबून प्रेस चालवून पाहिली.

"मशीन ओके आहे. म्हणजे पोरानंच काहीतरी उद्योग केला. तसा रिपोर्ट लिहितो, तू सही कर. त्याला काढावं लागेल."

भीमराजनं आजूबाजूला पाहिलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. प्रत्येकाच्या खिशात तसाच एक तुकडा होता. सही केली तर पंजा गेलेला विक्की कायमचा गुन्हेगार ठरणार होता, आणि नाही केली तर स्वतः भीमराज घरी बसणार होता.

"संध्याकाळी करतो, साहेब," तो म्हणाला. "आधी दवाखान्यात जाऊन येतो."

दवाखान्यात विक्की गुंगीत होता. डावा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता. उजवा मात्र गादीवर राहून राहून दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. भाग्यश्री उशाशी उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलंही नाही.

विक्कीनं डोळे किलकिले केले.

"दाजी... तुकडा काढला ना? साहेब यायच्या आत?"

"कसला तुकडा?" भाग्यश्रीनं विचारलं.

"काय नाय. गुंगीत बडबडतोय."

तिची नजर त्याच्या पँटच्या खिशावर गेली. खिशाचं तोंड वाळलेल्या रक्तानं कडक झालं होतं. तिनं सरळ आत हात घातला आणि तुकडा बाहेर काढला. कितीतरी दिवस ती आपल्या निळ्या स्लिपरचा दुसरा पाय घरभर शोधत होती. मशिनीच्या बटणात दाजी रबर ठासायला लावतात, हे विक्की एकदा बोलून गेला होता. तिला कळायला वेळ लागला नाही.

"माझ्या चपलेनं तोडलात व्हय त्याचा हात?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू दे ना!" तिनं पायातली चप्पल काढली आणि सपकन त्याच्या तोंडावर मारली. ओठ फुटला. "मारायची लय हौस ना तुम्हाला? घ्या. घ्या अजून!"

दुसरा फटका बसायच्या आत भीमराजचा हात उठला. रोज उठायचा तसाच, वाऱ्याच्या वेगानं.

पलंग करकरला. विक्कीनं डोळे गच्च मिटले होते आणि बँडेज बांधलेला हात तोंडासमोर आडवा धरला होता. पांढऱ्या पट्टीवर ताजं रक्त उमटायला लागलं होतं, पण त्याला त्याचं भान नव्हतं. फटका आपल्यालाच बसणार, एवढंच त्याला ठाऊक होतं.

भीमराजचा हात हवेतच राहिला. मग तोच हात त्यानं खाली घेतला, मोबाईल काढला आणि भाग्यश्रीसमोरच जयसिंगसाहेबांना फोन लावला.

"बोल भीमराज. येतोस ना सहीला?"

"साहेब," तो म्हणाला. फुटलेल्या ओठातून शब्द नीट येत नव्हते. "त्या बटणात रबर होतं. मी ठासायला लावलं होतं. अपघात झाल्यावर काढलं पण मीच."

पलीकडे साहेब बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. भीमराजनं ते ऐकून घेतलं, फोन बंद केला आणि तो पलंगाजवळ गेला.

"विक्की," तो म्हणाला. "नाय मारत."

विक्कीनं हात तोंडावरून खाली घेतला नाही.