साहेबांच्या माघारी

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. मूठ लाकडी, हाताळून गुळगुळीत झालेली. तळाला एका आर्किटेक्ट साहेबांचं नाव आणि त्यांचा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक काही दुकानात मिळत नाही बरं! साहेब वर्षानुवर्षं शिकले, परीक्षा दिल्या, तेव्हा कुठे आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या परिषदेने तो दिला. उद्या काही चुकलं तर जाब कोणाला विचारायचा, ते त्यावरून कळतं.

साहेब मला ऊठसूट हात लावत नसत. आधी नकाशावरचा एकेक खांब बोटाने मोजत. मग म्हणत, "हं, आता तू ये." काय ऐट होती माझी!

चार वर्षांपूर्वी साहेब वारले. मला तेव्हाच मोडून टाकायला हवं होतं. पण त्यांच्या पुतण्याने मला खणात घालून कुलूप लावलं. त्याचा हात सुरेख चालतो, शिक्षण मात्र अर्ध्यावर सोडलेलं. आता पाटी काकांची, शिक्का काकांचा आणि नकाशे याचे. मी अंधारात टाचण्यांच्या डबीशेजारी पडून असतो. बाहेर काढतो ते फक्त दाबायला. नको म्हणायची सोयच नाही मला. फार लाज वाटते हो.

परवा एक पाळणाघरवाल्या बाई आल्या. त्यांना मुलांसाठी खोली मोठी करून हवी होती. पुतण्याने नकाशातला मधला खांबच उडवला.

"अहो, वर सासूबाई राहतात माझ्या," बाई म्हणाल्या. "तो मजला कशावर उभा राहणार?"

"ताई, तुम्ही निश्चिंत राहा. काकांनी तपासलंय."

शाई वाळली होती. मी जेमतेम उमटलो. मेल्याने माझ्यावर हाः करून फुंकर घातली आणि पुन्हा दाबलं!

"काकांना एकदा भेटवा ना," बाई म्हणाल्या.

"ते साइटवर असतात."

"तीनदा आले मी. तिन्ही वेळा साइटवरच?"

बाईंनी तिथल्या तिथे परिषदेच्या कचेरीत फोन लावून माझा क्रमांक वाचून दाखवला. पलीकडचं ऐकून त्यांनी समोरचा नकाशाच ओढून घेतला.

"चार वर्षं झाली त्यांना जाऊन! अहो, वीस लेकरं झोपतात माझ्याकडे दुपारची. त्या छताखाली!" नकाशा घेऊन त्या तडक तक्रार करायला गेल्या.

मला वाटलं, सुटलो एकदाचा. कसलं काय! चौकशी व्हायची तेव्हा होईल. पुतण्याने मला खणात भिरकावलं आणि किल्ली फिरवली.

आज नवरा-बायको आलेत. घरावर मजला चढवायचाय त्यांना. पुतण्या गोड बोलतोय, ते दोघं माना डोलावताहेत. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. तुम्हाला येतं. हा क्रमांक कोणाचा, तो माणूस कुठे आहे, विचारा ना त्याला! लवकर विचारा हो, कुलूप उघडतंय.