नळीबाबांचा अंगारा

त्या गुरुवारी कळंबोलीच्या लोखंड बाजारामागच्या शेडमध्ये नळीबाबांच्या दरबाराला मुंगी शिरायला जागा नव्हती. ट्रकवाले, हमाल, वजनकाट्यावरचे कारकून, सगळे छातीवर हात ठेवून बसले होते. साल पंच्याण्णव. मी पनवेलच्या औषध दुकानात कामाला. आमचं जुनं गिऱ्हाईक तुळशीराम हमाल तिथे होता. त्याला घरी न्यायला त्याची बायको मैना मला रडत घेऊन आली होती. पण एकदा आत शिरल्यावर आम्हीही गर्दीत पुरते अडकलो.

"काळजाच्या नळ्या तुंबल्यात?" नळीबाबा गरजले. "माझा अंगारा नळ्या खरवडून काढतो! बिडी ओढा, पेला घ्या. धूर तुमचा, जबाबदारी माझी!"

असा वैद्य कोणाला नको असतो! तुळशीरामला दिवसाला चाळीस बिड्या लागत, संध्याकाळी क्वार्टर. ओझं उचललं की छाती आवळून यायची. अंगारा जिभेखाली ठेवला की पाच मिनिटांत उतार पडायचा. डोकं ठणकायचं, ते बाबांच्या मते पाप बाहेर पडत असायचं.

आज तो पिऊनच आला होता. बाबांनी दुप्पट चिमूट दिली. थोड्या वेळाने तुळशीराम उठायला गेला आणि धाडकन कोसळला. चेहरा पांढराफटक, अंग घामाने चिंब. लोकांनी अंगात आलं म्हणून हात जोडले! मी चिडून त्यांना मागे सारलं आणि त्याचे पाय उंच धरले. मैना पाणी शोधायला पडद्यामागे धावली, ती गोळ्यांची पाकिटं मुठीत घेऊन आली.

"भाऊ, डॉक्टरनं यांना दिल्या व्हत्या तसल्याच या गोळ्या! त्या बाबानंच मला गाढी नदीत टाकायला लावल्या. आन आत पाट्यावर याच वाटून राखंत मिसळल्यात!"

मी पाकीट वाचलं. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची ती गोळी. ती रक्तवाहिन्या घटकाभर सैल करते, म्हणून कळ थांबते आणि डोकंही ठणकतं. दारूवर घेतली तर रक्तदाब एकदम उतरतो. मी हे ओरडून सांगितलं.

"पन गुन येतो ना?" एक ड्रायव्हर म्हणाला.

"कळ जाते, तुंबलेलं तसंच राहतं! बिडीचा धूर रक्तवाहिनी आतून खराब करतो, तिथे चरबी साचते, वाट अरुंद होते. रोजची दारू हळूहळू रक्तदाब वाढवत नेते. राख काय खरवडणार?"

तुळशीराम वाचला. दवाखान्यात मी त्याच्यावर रागावलो, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बाबा खोटा हाय, मना कवाच कललं व्हतं. पन डॉक्टर म्हनतो बिडी सोर. बाबा म्हनायचा वढ."

मला फार वाईट वाटलं. माणसं अंगाऱ्याला भुलत नव्हती, त्या परवानगीला भुलत होती. तेव्हा छातीत कळ आली तर दवाखाना गाठा, आणि बिडी, बाटली एकट्याने सुटत नसेल तर तिथेच तसं सांगा, त्यात लाज कसली? पण खुशाल ओढ म्हणणारा कोणी भेटला, तर त्याच्या पाया पडण्याआधी तुमच्या घरी वाट पाहणाऱ्या मैनेला विचारा.