आरसामिस्त्रींचं सर्वांत गचाळ काम

पहिलं वटवाघूळ छताला लटकायला गेलं आणि घसरलं. दुसरं भिंतीला टेकलं, तेही घसरलं. तिसऱ्याने या दोघांचे हाल पाहिले असावेत. ते दारातूनच परत फिरलं.

लेकीच्या मोबाइलवर हे पाहताना आरसामिस्त्रींना आधी समाधानच वाटलं. गिलावा असा पाहिजे.

गवंडीकामात त्यांची ख्यातीच तशी होती. त्यांनी घोटलेल्या भिंतीत बघून लोक भांग पाडत. त्यामुळे लेकीच्या गुहा-मंडळाने डोंगराच्या कुशीत वटवाघळांसाठी काळोखी खोली बांधायला घेतली, तेव्हा मिस्त्रींनी ती फुकट बांधली आणि आतून तीनदा घोटली. पाहुणे कोणीही असोत, हात आखडता घ्यायचा नाही.

या खोलीवर सगळं अडलं होतं. लेक हौशी लोकांना दोर बांधून गुहेत उतरवायची. तिचा जीव त्या गुहेत होता. पण बत्त्यांच्या उजेडाने वटवाघळं बिथरायची, माद्यांची पिल्लं खाली पडायची. वनखात्याच्या बाईंनी सांगून टाकलं होतं, की बाळंतपणाला माद्या आपणहून नव्या खोलीत गेल्या तर गुहा माणसांना. नाही गेल्या तर गुहेला कायमचं कुलूप.

"बाबा, तुम्ही त्यांना घसरगुंडी बांधून दिलीत," लेक म्हणाली. "नखं अडकायला खडबडीत लागतं. छिन्नीने टाचे मारून खरबरीत करा सगळीकडे."

मिस्त्रींचा चेहरा पडला. निदान एक भिंत तरी गुळगुळीत ठेवू, दिवाणखान्यासारखी, अशी तडजोड त्यांनी सुचवून पाहिली. वटवाघळं दिवाणखान्यात बसत नाहीत, असं लेकीने शांतपणे सांगितलं.

"पाहुणे बोलवायचे आणि टेकायला जागा द्यायची नाही," बायको म्हणाली. "घरचीच रीत आहे ती."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी छिन्नी लावली, डोळे मिटले आणि पहिला टाचा मारला. दहाव्या टाच्याला जरा बरं वाटलं. दुपारपर्यंत ते शीळ घालत होते. आयुष्यभर ओळंब्याच्या धाकात काढलेल्या माणसाला वाकडं करायची मुभा मिळाली होती, आणि ती त्यांनी पुरेपूर वापरली. छताला खाचा पाडल्या, कोपऱ्यात ओबडधोबड दगड चिकटवले. डबा घेऊन आलेल्या बायकोने हातोडा मागून घेतला आणि नवऱ्याच्या गिलाव्यावर पाच-सहा सणसणीत घाव घातले. बरेच दिवस मनात होतं, म्हणाली.

हंगाम आला. माद्या आल्या. पहिली लटकली, लटकूनच राहिली. आठवडाभरात छत दिसेनासं झालं. वनखात्याच्या बाई डोकावल्या आणि गुहेची किल्ली लेकीच्या हातावर ठेवून गेल्या.

त्या रविवारी गुहेच्या तोंडाशी हेल्मेटवाल्यांची रांग लागली. लेकीने बाबांना पहिला मान देऊ केला. त्यांनी नको म्हटलं आणि खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. रांगेतला एक तरुण गवंडी तिथे आला. दाराच्या आतल्या कडेवरून त्याने हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"काका, कोणी केलंय हे? शिकाऊ होता का कोणी?"

"मी केलंय," मिस्त्री म्हणाले. "आणि हळू बोल. आत पिल्लं झोपलीत."