अकराव्या पानाच्या जागी

चर्चासत्राला पंधरा मिनिटं उरली होती आणि टंकलेखिकेच्या खणात तो कागद नव्हता. तिने खण ओढून टेबलावर उपडा केला. टाचण्या पडल्या, खोडरबर पडलं, लेकीच्या फ्रॉकच्या निळ्या कापडाचा तुकडा पडला. कागद काही पडला नाही.

आंतरराष्ट्रीय अभ्यास संस्थेच्या प्राध्यापक मॅडमनी तीन वर्षं खपून सीमेपलीकडून पळून आलेल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. निबंधात नावं नव्हती, नुसते क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा, ती बाई राहते कुठे, तिकडे तिचं मागे कोण राहिलंय, हे सगळं त्या एकाच कागदावर होतं.

सतरा नंबर म्हणजे शिंपीणमावशी. टंकलेखिकेच्या लेकीचे फ्रॉक तीच शिवायची. तिला मॅडमकडे आणलं होतं टंकलेखिकेनेच. "मावशी, मोकळेपणी बोला. तुमचं नाव माझ्या कुलपाबाहेर जायचं नाही." मग मावशी बोलली. तुरुंगाचं मागचं दार तिला कोणी उघडून दिलं, तेही बोलली. सख्ख्या भावाने. तो तिथला पहारेकरी होता आणि अजूनही तिथेच नोकरीला होता.

त्या काळी निबंधाच्या प्रती सायक्लोस्टाइलवर निघत. लांब टेबलावर पानांचे गठ्ठे ओळीने मांडायचे आणि भोवती फिरत एकेक पान उचलत प्रत लावायची. आदल्या दिवशी ती आणि शिपाईमामा असेच गरगरत होते. "बाई, एवढ्या प्रदक्षिणांत देवसुद्धा पावला असता," मामा म्हणाले होते. मध्येच क्रमांक ताडून बघायला तिने तो कागद काढला, तेवढ्यात फोन वाजला, आणि तिने तो ठेवला अकराव्या पानाच्या गठ्ठ्यावर. परत येते तोवर मामांनी दोन फेऱ्या मारल्या होत्या.

म्हणजे अकराव्या पानाऐवजी तो कागदच कुठल्यातरी एका प्रतीत लागला होता. चाळीस प्रती खुर्च्यांवर ठेवून झाल्या होत्या. आणि संचालकांनी मोठ्या हौसेने, या बायका जिथून पळून आल्या त्याच देशाच्या दूतावासातल्या अधिकाऱ्याला बोलावलं होतं.

ती सभागृहात धावली. "माफ करा, अकरावं पान चुकलंय. प्रती जरा परत द्या."

"अहो, अकरापर्यंत वाचतंय कोण!" मागून एक प्राध्यापक म्हणाले. हशा पिकला. तिने दाराआड जाऊन पानं उलटली. एकोणचाळीस प्रती. सगळ्यांत अकरावं पान जागेवर.

चाळिसावी प्रत पहिल्या रांगेत, त्या अधिकाऱ्याच्या मांडीवर होती.

"असू द्या हो, बाई," तो हसून म्हणाला. "मला चुकीचीही चालेल."

हिसकावून घ्यावी तर बोभाटा होणार आणि न वाचलेलंही तो वाचणार. ती तशीच व्यासपीठामागे गेली आणि मॅडमच्या कानात सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली तर गेली.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्या सरळ माइकपाशी गेल्या. "माझ्या आकडेवारीत गंभीर दोष सापडलाय. हा निबंध मी मागे घेते. एकही प्रत बाहेर जाता कामा नये. मामा, सगळ्या गोळा करा."

संचालक लालबुंद झाले. तीन वर्षांचं काम मॅडमनी सगळ्यांदेखत मातीत घातलं होतं. मामा पहिल्या रांगेत जाऊन हात पुढे करून उभे राहिले. आता सगळेच बघत होते. अधिकाऱ्याने प्रत दिली.

टंकलेखिकेने पानं उलटली. दहा. मग तो कागद. सुटकेचा श्वास घेणार, तोच तिला कोपरा दिसला. कागदाचा वरचा कोपरा नीट दुमडलेला होता, खूण म्हणून दुमडतात तसा. बाकी एकाही पानाला घडी नव्हती.

ती तडक मावशीकडे गेली. मावशी मशीनवर निळा फ्रॉक शिवत होती. उंबऱ्यातच उभं राहून टंकलेखिकेने सगळं सांगितलं, रडली, पाया पडायला वाकली. मावशीने पाय मागे घेतले.

"वाचलं त्याने?"

"माहीत नाही, मावशी."

"भावाला निरोप जायला आठ दिवस लागतात," मावशी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "त्यांची तार एका तासात जाते."

तिने मशीनचा दोरा कापला, फ्रॉकची घडी घातली आणि टंकलेखिकेच्या हातात दिली. एक बाही जोडलेली, दुसरी नुसती टाचलेली. "ही तुम्ही जोडा. माझा पत्ताही होता ना त्यावर? मला आजच निघायला हवं."

मावशी पुन्हा भेटली नाही. तिच्या भावाचं काय झालं, ते कधीच कळलं नाही. लेकीला आता नातवंडं आहेत. फ्रॉक अजून ट्रंकेत आहे. दुसरी बाही तशीच टाचलेली, टाचणीला गंज चढलाय.