चौथा ढीग

मोहफुलं वेचायला आम्ही तिघी गेलो होतो: नवेगाव बांधची माझी अन्नपूर्णा मावशी, तिच्या शेजारच्या सुलोचनाबाई आणि मी. मी गोंदियाच्या एका कॉलेजात गणित शिकवते. वाटणीच्या वेळी मावशीनं फुलांचे चार ढीग घातले, तेव्हा मी चिडलेच.

“तिघीच आहोत ना? मग चार काऊन?”

“अर्धं डोळ्याले समजते, अर्ध्याचं अर्धंही समजते. तीन सारखे कराले गेलं का भांडण होते,” मावशी म्हणाली.

तिघींनी एकेक ढीग घेतला. उरलेल्या चौथ्याचे तिनं पुन्हा चार केले. त्यातल्या चौथ्याचे पुन्हा चार. मी बघतच राहिले. पाव, पावाचा पाव, त्याचाही पाव, अशी कधीच न संपणारी बेरीज बरोबर एक तृतीयांश होते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि पुढे तीन टिंबं देते. त्या टिंबांच्या जागी काय असतं, ते कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी एकच फूल उरलं. मी नखानं त्याचे चार तुकडे केले. तीन वाटले. चौथा माझ्या बोटालाच चिकटून बसला.

“आता याचे चार कर,” सुलोचनाबाई म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या, पुढे वाकून बघत होत्या.

मी नख लावलं. तेवढ्यात मावशीनं माझं बोट धरून मोहाच्या बुंध्याला पुसलं.

“उरलं ते झाडाचं,” ती म्हणाली. “असं नाई केलं तं घरी कवा जावाचं?”